कोरडं पान

सतरा नंबरच्या वाफ्यातली पाटी वाचून मुकुंदरावांचं टाळकं फिरलं. नवव्या वाफ्यात होतं तेच इथे: खानदेशी सरकी, शेणखत, दोन हात अंतर.

"अक्कल गहाण टाकलीस का कचरू? दोन वाफ्यांत एकच पाटी कशी? पाट्या तूच हलवल्यास."

कचरू सहा हात लांब उभा होता. "दिल्या तशा रोवल्या, साहेब. येक बी हलवली न्हाई."

हे मुकुंदराव म्हणजे अंबडच्या वकिलाचे चिरंजीव. पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन गावाबाहेरच्या सरकारी फार्मवर आले, तेव्हापासून जमिनीवर कमी आणि पदवीवरच जास्त चालत. काम तसं सरळ होतं. तीन जातींची सरकी, खताच्या चार तऱ्हा, त्यांत एक बिनखताची, पेरणीची दोन अंतरं. प्रत्येकाची प्रत्येकाशी एकेकदा गाठ घालायची. वाफे चोवीस. एकही जुळणी सुटता कामा नये, एकही दोनदा येता कामा नये. साहेबांनी यादी लिहिली ती सुचेल तशी, इथलं थोडं, तिथलं थोडं. तीनदा लिहिली. कधी बावीस भरत, कधी तेवीस, आणि उरलेल्या जागी जुनंच काहीतरी पुन्हा तोंड वर काढी. आता पदवीधर माणसाला चोवीसपर्यंत पोचता येत नाही, हे कबूल कोण करणार? त्यापेक्षा गडी मूर्ख, हे सोपं.

"उद्या हैदराबादहून डायरेक्टर येतायत," ते म्हणाले. "चोवीस वाफे वेगवेगळे दिसले नाहीत, तर उद्यापासून फार्मवर पाय ठेवायचा नाही. फुकटची रोजी चढलीय तुम्हा लोकांना." आणि ते चहाला गेले.

कचरूला अक्षर येत नव्हतं. रोजी मात्र ही एकच होती, आणि घरात खाणारी सहा तोंडं. त्याने बांधावरच्या पळसाची चोवीस पानं तोडली. प्रत्येक वाफ्यात एक मांडलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर खडा ठेवला. मग गावरान सरकी घेऊन पहिल्या आठ पानांवर वाढत गेला. मधे थांबला नाही, मागे वळला नाही. पुढच्या आठांवर खानदेशी, शेवटच्या आठांवर सरकारी. मग खत. दर आठांत दोन पानांवर शेणखत, दोनांवर पेंड, दोनांवर राख, दोनांवर काहीच नाही. सरतेशेवटी अंतराची खूण म्हणून त्या दोनांतल्या एकावर आखूड काडी, दुसऱ्यावर लांब.

मुकुंदराव परत आले. कागदावर टिपत सगळी पानं ताडून पाहिली, मग उलटीकडून पुन्हा पाहिली. बरोबर चोवीस. एकासारखं दुसरं नाही. बरं वाटायचं ते राहिलं बाजूला, त्यांना आणखीच चीड आली.

"लग्नात वाढप्या होतास वाटतं?" ते नाक मुरडून म्हणाले.

"आमाला कोन वाढू देतं, साहेब? आमी भाइर बसायचो, पंगत उठून उष्टं मिळस्तोवर. बसल्या बसल्या बघत राह्यचं. मीठवाला समद्या पानांवरून जातो, मंग चटणीवाला. मधीच उड्या मारणारा वाढप्या आसला, की येक पान हमखास कोरडं राह्यतं." कचरूने एक वाकडी पडलेली काडी सरळ केली. "तुमच्या आत्याबाईच्या लग्नात राह्यल्तं. म्या भाइरून आरोळी दिली. पान वाढलं, अन् मला दगडं हाणली. माझ्या आवाजानं पंगत बाटली म्हनून."

मुकुंदराव हसले. "असं कोणाचं एवढं मोठं पान लागून गेलं होतं?"

"सहा वर्साच्या पोराचं. भुकेनं रडून राह्यल्तं," कचरू म्हणाला. "तुमचं, साहेब."