शून्य मैलांवरचं काम

ओहायोत डार्ला आणि तिचा नवरा व्हर्न यांची वीटकामाची छोटी कंपनी होती. कंपनी डार्लाच्या नावावर, कामं शोधणंही तिच्याकडे. सरकारी कंत्राटांच्या वेबसाइटवर तिनं नेहमीचे फिल्टर लावले: वीटकाम, बाईच्या मालकीच्या कंपन्यांसाठी राखीव, पन्नास मैलांच्या आत. नऊ कामं आली. दहा मैल केल्यावर एकच उरलं.

"एक दार आणि एक खिडकी विटांनी बुजवणे."

"एवढ्याशा कामाला टेंडर? सरकारला पैसा उतू चाललाय वाटतं!" व्हर्न हसला आणि कोपऱ्यावरून कॉफी आणायला गेला.

डार्लानं गंमत म्हणून अंतर शून्य केलं. काम तिथंच होतं. पत्ता तिच्याच ऑफिसचा.

तिनं भराभर सगळे फिल्टर काढले. आता देशभरातली हजारो कामं दिसायला हवी होती. दिसत होतं ते एकच. खाली अट होती: "आतल्या माणसाला हलवू नये."

ओल्या सिमेंटचा वास आला. भर दुपारी खोलीत अंधार झाला, तिला कीबोर्ड दिसेनासा झाला. कामापुढचं 'चालू' जाऊन 'पूर्ण' आलं.

फोन वाजला. व्हर्न होता.

"अगं डार्ला, मी कॉफी घेऊन ऑफिससमोरच उभा आहे. आपलं दार कुठं गेलं?"