गरम बॉनेट

बॉनेट गरम होतं. ऋषिकेशने तळवा तसाच ठेवला आणि तो मनातल्या मनात खूश झाला. चोरी सापडली.

नाशिकहून बदलीवर आलेला हा बँकेचा साहेब. कोलकाता त्याला नवं होतं, पण जुनी गाडी विकणारे गावोगाव सारखेच, यावर त्याची श्रद्धा होती. थंड इंजिन खरं बोलतं. खोकतं, खडखडतं, धूर ओकतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आत मालक ते गुपचूप तापवून ठेवतो. तसं होऊ नये म्हणून दहाची वेळ देऊन हा आठलाच डमडमच्या या गल्लीत येऊन थडकला होता. पण गाडी विकायला काढणाऱ्या कमलकाकू त्याच्याही वरताण निघाल्या.

"काय काकू, आमच्यासाठी भल्या सकाळी इंजिन तापवलंत होय?"

काकूंचा चेहरा वरच्या आभाळासारखाच कोंदटलेला. त्यांनी घराकडे वळून हाक मारली, "अहो, बाहेर या. गाडी बघायला आलेत."

श्रीधरकाका आले. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, एवढं महाराष्ट्र मंडळात ऋषिकेशच्या कानावर आलं होतं. त्याने चावी फिरवली, बॉनेट उघडलं. काकांनी मान तिरकी करून कान लावला.

"मिसिंग आहे. एक सिलिंडर झोपतोय. प्लग काढून बघा, काजळीने माखलेला असेल. धूर निळा असता तर म्हटलं असतं ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. हा काळा आहे. म्हणजे पेट्रोलच धड जळत नाहीये."

वाक्यागणिक ऋषिकेश मनात किंमत उतरवत होता. असा विकणारा भेटायला पूर्वपुण्याई लागते. आणि काकू? नवऱ्याला डोळ्यांनी दटावायचं सोडून त्याच पुढचं विचारत होत्या, "आणि बॅटरीचं काय हो?"

"ती कायमची अर्धपोटी. अगं, कुणीतरी हिला जागेवरच तासन्‌तास चालू ठेवतंय. गाडी पळवायला हवी. पळाली की काजळी आपोआप जळते."

"कुणीतरी?" ऋषिकेश हसला. "काका, गाडी तुमचीच ना?" आणि हवं ते ऐकून झालं म्हणून त्याने बॉनेट खाली सोडलं.

ते धाडकन मिटलं, तसा काकांचा चेहराही मिटला. त्यांनी ऋषिकेशकडे परक्यासारखं पाहिलं.

"आपण कोण? बाजूला व्हा. ऑफिसला उशीर होतोय."

ते स्टिअरिंगमागे जाऊन बसले. इंजिन सुरूच होतं. समोरच्या मोठ्या फाटकाला कुलूप. चाकांना शेवाळ चढलेलं. काका स्टिअरिंग हळूहळू वळवत राहिले. मधेच त्यांनी कुणाला तरी हॉर्न दिला.

घासाघीस करायला ऋषिकेशची जीभ रेटेना. "काकू, किंमत तुम्ही म्हणाल ती. मी आजच घेऊन जातो."

"विकायची नाहीये." काकूंची नजर काचेपलीकडे होती. "रोज सकाळी गाडी चालू करून असेच ऑफिसला निघतात. पण इंजिनाचं कुणी विचारलं, की तेवढा वेळ ते पूर्वीसारखे होतात."

मग त्या जरा जवळ आल्या.

"तुमच्या बँकेत आणखी कुणाला जुनी गाडी बघायचीय का हो?"