रविवारची सभा

पणदऱ्याच्या त्या घरात दर रविवारी सभा भरायची. कुठलं काम कुणाचं, ते इंद्रजित घरच्या ॲपवर टाकायचा आणि त्याचे वडील, आप्पा, सोसायटीच्या सभेसारखं एकेक विषय मोठ्यानं वाचायचे. वाचून संपायच्या आत सगळे ओरडायचे, "मंजूर!"

शनिवारी त्याच्या बायकोला, माधवीला, नवा विषय दिसला: 'बाळासाठी नोकरी सोडणे. जबाबदारी: माधवी.' तिला साधं विचारलंसुद्धा नव्हतं. मांडीवरच्या बाळाला थोपटत ती बराच वेळ मोबाईल घेऊन बसली.

रविवारी आप्पांनी वाचायला घेतलं, "बाळासाठी नोकरी सोडणे..."

"मंजूर, मंजूर!" सगळ्यात मोठा आवाज इंद्रजितचा.

आप्पांनी चष्मा वर सरकवला. "आरं, हितं तर तुझंच नाव हाय!"



"व्हय आप्पा," माधवी म्हणाली, "आणि मंजूरही झालंय."