शेवटच्या ओळीतलं नाव

"परत लाव," सत्यवान तिसऱ्यांदा म्हणाला.

इनासने हसून तबकडीवर सुई टेकवली. इनास गोव्याचा, खनिज न्यायला आलेल्या बोटीवरचा खलाशी. बोट रेडीच्या समुद्रात नांगर टाकून उभी होती. माल भरायचं काम थांबलं, की तो आपला बॅटरीवरचा ग्रामोफोन घेऊन बंदराच्या कचेरीत येऊन बसे. सत्यवान तिथला कारकून. पण पंचक्रोशी त्याला ओळखायची ती सत्यवान बुवा म्हणून, भजनातल्या गळ्यासाठी.

गाणं अमेरिकेतल्या एका काळ्या माणसाचं होतं. शब्द सत्यवानाला निम्मेही कळत नव्हते. कुणी तरी बंद दारापाशी उभं राहून 'आत घे' म्हणून विनवतं आहे, एवढं कळलं. गाणारा एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवी आणि दर खेपेला ती जास्तच जिव्हारी लागे. मागून बायका ती ओळ झेलत, भजनात टाळकरी झेलतात तशी.

"सोल म्हणटात हाका," इनास म्हणाला. "सोल म्हणजे आत्मो."

गाणं संपल्यावर सत्यवानाने तबकडी हातात घेतली. मधल्या कागदावर गायकाचं नाव ठळक छापलं होतं. त्याखाली कंसात, बारीक अक्षरांत, आणखी एक नाव होतं.

"हो कोण?"

"हाणें बरयलां. तो गावपी, हो बरोवपी. नांव दोगांचेंय जाय मरे!"

गाणाऱ्याबरोबर लिहिणाऱ्याचंही नाव हवंच! चटका बसावा तशी सत्यवानाने तबकडी खाली ठेवली.

मग त्याचं कशातच लक्ष लागेना. साधी पावती त्याने दोनदा खोडली. घरी पेजेचं ताट तसंच राहिलं.

"मीठ जास्त झाला काय?" बायकोने, आनंदीने विचारलं.

"नाय." तो उठून दारासमोरच्या खळ्यात गेला, परत आला, पुन्हा गेला.

"तुमका आज झाला तरी काय?"

त्याने टाळ उचलले आणि पुन्हा जागेवर ठेवले.

दिवेलागणीला देवळात भजन होतं. लोक वाट बघत होते ती त्याच्या गजराची. 'कोंडा पाखडून घे रे देवा, दाणा तेवढा राख.' बारा वर्षं हा गजर मिठबावपासून आंबोलीपर्यंत गाजत होता. पखवाजवाला गणपत नेहमी म्हणे, "बुवा, कचेरीत बसान तुमका ह्यां सुचता कसा?" सत्यवान नुसता हसे. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव यायचं, 'सत्यवान म्हणे'. ते आलं की अख्खं देऊळ ती ओळ उचलून धरी.

आज शेवटच्या ओळीशी येऊन सत्यवान थांबला. गणपतने पखवाजावर एक आवर्तन जास्तीचं वाजवलं, मग आणखी एक. सत्यवानाने डोळे मिटले आणि सूर लावला.

"आनंदी म्हणे..."

ओळ उचलायला कुणीच पुढे येईना. टाळ थबकले. बायकांत बसलेल्या आनंदीचे टाळी वाजवणारे हात तसेच अधांतरी राहिले.

गणपत वाकून कुजबुजला, "बुवा, नाव चुकला."

"बारा वर्सां चुकत होतंय," सत्यवान सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाला. "आज बरोबर घेतलंय."