पुढच्या वर्षी पहिली तू

थझिनच्या भाच्याचं डोकं भादरून त्याला मठात धाडलं, त्या वर्षीची गोष्ट. नव्या वर्षाचा पहिला दिवस होता आणि पखोक्कूच्या त्या गल्लीत सकाळपासून म्हाताऱ्यांची डोकी धुणं चाललं होतं. या दिवशी थोरांचं डोकं धुतलं की धुणारीला पुण्य लागतं, म्हणून पोरी भांडी घेऊन घरोघर फिरत होत्या.

थझिनची बस उशिरा पोचली. यांगूनच्या शिवणकारखान्यात लागल्यापासून या सणाला तिला पहिल्यांदाच सुट्टी मिळाली होती. पिशवीत शिकेकाई होती, तिच्याबरोबर केस धुवायला उकळतात ती तयोच्या झाडाची साल होती. आईचं डोकं आपल्या हातांनी धुवायचं, एवढ्यासाठीच ती आली होती.

तिची आई, दो सेन म्या, अंगणात बुटक्या बाकावर ओणवी बसली होती. शेजारची फ्यू तिच्या डोक्यावर लिंबू चोळत होती.

"आजी, झोंबतंय का गं?"

"तुझ्या त्या काडीएवढ्या हातांनी काय झोंबायचंय? चोळ. पुण्य असं वरवर मिळत नसतं."

फ्यू हसली आणि आणखी जोराने चोळू लागली. आईने बाकाची कड घट्ट धरली होती. तिची बोटं पांढरी पडलेली थझिनला दिसली.

फ्यू गेल्यावर थझिनने शिकेकाई उकळली, कोमट होऊ दिली आणि आईच्या मागे येऊन बसली. केस बाजूला केले. खालची कातडी लालभडक झाली होती. जागोजागी नखांचे ओरखडे होते. कानामागे लस येत होती.

"आई, हे काय!"

"उन्हाळ्यात होतंच मला. डोकंच मेलं नाजूक."

"मग पोरींना नको म्हणायचं."

"पुण्याला दारात आलेल्या पोरीला नको म्हणू? कुठल्या तोंडाने?" आईने मान आणखी वाकवली. "तू कशाला थांबलीस? ओत. सगळ्या गल्लीने धुतलं, आणि पोटची तेवढी राहील होय?"

थझिनने वाटी भरून वर नेली. पाणी पडायच्या आधीच आईचे खांदे आखडले.

थझिनने वाटी परत भांड्यात रिकामी केली.

"या डोक्याला आता काही लावायचं नाही. लिंबू नाही, शिकेकाई नाही, कंगवासुद्धा नाही. बरं होईस्तोवर."

"आणि तुझं पुण्य?"

"पुढच्या वर्षी."

आईने वाकवलेली मान वर केली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी पहिली तू. त्या फ्यूला दारातच थांबवते, बघ. म्हणेन, आधी माझी यांगूनवाली, मग तुम्ही सगळ्या."

थझिनने ताडाचा पंखा घेतला आणि कुठे हात न लावता लांबूनच वारा घालत राहिली. केस सुकले तशी आई बसल्या जागी पेंगली. भांड्यातली शिकेकाई निवून गेली. संध्याकाळी थझिनने ती आंब्याच्या मुळाशी ओतली.

पावसाळ्यात त्याच अंगणात, शेवटची अंघोळ घालायला गल्लीतल्या बायका जमल्या. थझिनने भांड्यात बोट बुडवून पाहिलं.

"थोडं कोमट करा. आणि नखं लावू नका."

"आता तिला काय झोंबणार आहे, बाळ?" एक म्हातारी म्हणाली.

थझिनने केस बाजूला केले. कातडी स्वच्छ झाली होती. कुठे डागसुद्धा नव्हता. फ्यू वाटी घेऊन उभी होती, तिने ती निमूटपणे थझिनच्या हातात दिली. पहिली वाटी थझिनने ओतली.

दो सेन म्या त्या वर्षी वाझो महिन्यात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे वारली.