नायिकेला काय हवंय?

वरणाचा कोळसा झाला. पण तसं काही झालंच नाही, असं धरून चालू.

निवृत्तीनंतर दिगंबररावांकडे घरातलं एकच खातं होतं, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं. आतल्या खोलीत त्यांची बायको वसुमती आपली शृंगारिक कादंबरी फोनला तोंडी सांगत होती. "त्यानं तिला जवळ ओढलं. तिनं डोळे मिटले. आणि..."

ती अडली.

"आणि काय?" दिगंबरराव दारात.

"अहो, तुम्ही शिट्ट्या मोजा! नायिकेला पुढे काय हवंय, तेच मला ठाऊक नाही. मला कधी कुणी विचारलंय?"

पहिली शिट्टी झाली. खातेप्रमुख जागचे हलले नाहीत. "मी विचारतो. काय हवंय?"

वसुमतीनं चष्मा काढून ठेवला. प्रश्न तिला नवा होता. उत्तर मात्र जुनं निघालं. "आधी मानेवर. सावकाश. आणि मी पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

त्या दुपारी अडलेलं प्रकरण पूर्ण झालं. शिट्ट्या होत राहिल्या. मोजल्या कुणीच नाहीत.

समस्त कुकर उत्पादकांना नम्र विनंती की, यापुढे शिट्टी देण्यापूर्वी कुकरनं दार वाजवावं.