पवनचं इंजिन

झोळीची दोरी कुर्रर्र वाजली आणि पौर्णिमाचा हात पान्यावरच थांबला.

दुपारची वेळ. पत्र्याच्या शेडकडे चिमणीही फिरकत नव्हती. झोळीत चैताली कुशीवर वळली, अंगठा तोंडात गेला. डोळे मिटलेलेच. पौर्णिमानं श्वास सोडला आणि लांब दांड्याच्या पान्यावर पुन्हा अंगाचा भार टाकला. इंजिनाच्या हेडचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, बोल्ट करकरला, सुटला. तिनं तो बरोबर एक फेरा फिरवला, तशी त्याच्यावरची लाल रेघ परत जागेवर आली.

ती रेघ तिच्या नवऱ्यानं, अनिलनं, ओढली होती, तिच्याच नेलपॉलिशनं. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ. बोल्ट हलला तर रेघ तुटते, असं त्यानंच तिला कौतुकानं सांगितलं होतं, उजेडासाठी बॅटरी धरायला उभी केली तेव्हा. फेरा पुरा केला तर रेघ तुटलेली दिसत नाही, हे तिचं तिनं ओळखलं.

इंजिन पवनचं. पवन म्हणजे तिचा धाकटा दीर, चैतालीचा एकुलता काका. मांजरसुंब्याच्या घाटात त्याची एस्टीम गाडी दरीत कोसळून तो गेला, तेव्हा चैताली पोटात होती. भिंतीवरच्या फोटोपलीकडं तिनं काकाला पाहिलेलं नव्हतं. गाडीचा चुराडा झाला, इंजिन तेवढं शाबूत निघालं. अनिलनं ते पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. यंदा ते बसवायला त्यानं भंगारातून जुनी झेन गाडी आणली, बीडहून ब्लॉक बोअर करून घेतला, हेड घासून आणलं, जुन्या बाजारातला मोठा कार्बोरेटर बसवला. ट्रॅक्टरच्या शोरूममधली नोकरी उरकली की संध्याकाळी तो शेडमध्येच. त्याच्या आईनं, जाईबाईंनी, एकदा म्हणून बघितलं, किलोवर विकून टाक ते. पुन्हा म्हणाल्या नाहीत.

"एकदाच घाट उतरायचाय," अनिल म्हणायचा. "पवनची गाडी जिथं थांबली, तिथनं पुढं न्यायचीय."

पौर्णिमाला तो घाट नको होता. हेड ढिलं राहिलं की हवा सुटते, इंजिन धरत नाही, कुणाला इजा होत नाही. दोन-तीनदा चालू झालं नाही म्हणजे त्याचं मन उतरेल, एवढीच तिची आशा.

बोल्ट ढिले झाले की निजलेल्या पोरीला झोळीतच ठेवून ती चहा ठेवायला घरात जायची. दुसऱ्या दुपारी येऊन बघावं तर बोल्ट घट्ट. रेघ जागच्या जागी. परत ढिले, परत घट्ट. अनिलच्या हातानं बसतात त्याहून घट्ट. सोडवताना तिचे खांदे भरून यायचे. एरवी भिंतीला टांगलेला पाना एकदा तिला बॉनेटवर सापडला. दांडा कोमट होता, कुणी नुकताच हातातून ठेवल्यासारखा. पत्रा तापलाय, तिनं स्वतःला समजावलं.

अनिलला कळलंय, असंच ती धरून चालली. संध्याकाळी तो गुपचूप आवळतो आणि चकार शब्द काढत नाही. एकदा जेवता जेवता त्यानं विचारलं, "दुपारी शेडमदी कुणी आलतं का?"

"कोण येतंय आपल्याकडं?"

"न्हाई, असंच."

त्यानं भाकरी मोडली. तिनं पिठलं वाढलं.

रविवारी गाडी चालू करायची होती. सकाळी अनिल मोरीत शिरला आणि पौर्णिमानं शेडमध्ये जाऊन सगळे बोल्ट एकदाचे ढिले केले. चैताली तिथंच पोत्यावर बसून नटांचा स्वयंपाक मांडत होती. तिला खेळू देऊन पौर्णिमा घरात आली. मोरीतून निघालेला अनिल तिच्यासमोरच चहाला बसला. मग दोघं बरोबरच शेडकडं आले. आवळायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

त्यानं चावी फिरवली.

इंजिनानं पहिल्याच झटक्यात धरलं. जाड, भरदार आवाज पत्र्यातून तिच्या तळपायापर्यंत उतरला. कुठं गळती नाही, कुठं फुसफुस नाही. अनिलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बोल्ट तुमी परत कधी आवळले?" तिला राहवलं नाही.

"हेड बसवलं त्या दिवशी. नंतर पाना लावायची गरजच पडली न्हाई. कावून?"

आज नका जाऊ, एवढंच तिला म्हणता आलं. तो हसला. फाट्यावरच्या ढाब्यापर्यंत जाऊन लगेच येतो म्हणाला आणि बॉनेट लावलं.

चैतालीला कडेवर घेऊन ती फाटकात उभी राहिली. गाडी रस्त्याला लागली. फाट्याकडं न वळता घाटाकडं वळली. पोरगी हात हलवत राहिली.

"मम्मी, फोटोतला काका लई जोरात आवळतो. तू ढिलं केलं की लगेच येतो."

पौर्णिमाला तिच्याकडं बघवेना. चैतालीनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"गाडी काका चालवतोय. मग पप्पा बाजूला डोळे मिटून कावून बसलेत?"